कुत्र्याचा गुडघा दुखतोय आणि ऑपरेशन टाळायचंय? ब्रेस नंतर मागवा, आधी हे करा

कुत्रा मागचा पाय उचलून चालायला लागला की बहुतेक लोक पहिलं काय करतात तर ऑनलाइन जाऊन नी कॅप किंवा ब्रेस (गुडघ्याला बांधायचा आधार) मागवतात, सोबत जॉइंट पावडरचा एक डबा, आणि मग वाट बघत बसतात. माझं म्हणणं असं आहे की हा क्रमच उलटा आहे. ऑपरेशन न करता गुडघा सांभाळायचा असेल तर आधी नेमकं काय झालंय ते कळलं पाहिजे, मग दुखणं आटोक्यात, मग वजन, मग घरातली लादी, मग मोजूनमापून चालणं, आणि ब्रेस-पावडर सगळ्यात शेवटी. आमच्या बबलीचं, म्हणजे आमच्या लॅबचं, याच क्रमाने केलंय, आणि बिल्डिंगमध्ये, बागेत कोणीही विचारलं तरी मी हेच सांगते, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढूया.

पहिलं काम: निदान, आणि तेही हात लावून केलेलं

लंगडणं हा आजार नाही, लक्षण आहे. मोठ्या कुत्र्यांमध्ये, लॅब, रॉटवायलर वगैरे, गुडघ्यातलं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नळीचं हाड एकमेकांशी जागेवर धरून ठेवणारी दोरी, हळूहळू झिजून तुटतं. माणसांसारखं फुटबॉल खेळताना खटकन तुटलं असं फार कमी वेळा होतं, आधीपासून ते विरत आलेलं असतं आणि एक दिवस सोफ्यावरून उडी मारल्याचं निमित्त होतं. म्हणूनच एका पायाचं गेलं की पुढे दुसऱ्या पायाचंही जायची शक्यता मोठी असते, साधारण निम्म्या कुत्र्यांमध्ये असं होतं, हे आधीच डोक्यात ठेवा. लहान जातींमध्ये, पॉमेरेनियन, शिह त्झू, चिवावा, गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. ते कुत्रं चालता चालता मध्येच दोन-तीन पावलं पाय वर घेऊन टुणटुण जातं आणि परत काही झालंच नाही असं चालायला लागतं. वाटी सरकण्याच्या चार ग्रेड असतात, पहिली-दुसरी बऱ्याचदा बिना-ऑपरेशन सांभाळता येते, तिसरी-चौथी असेल तर सर्जनशी बोलायलाच हवं. आणि जर्मन शेफर्ड, लॅब, गोल्डन यांच्यात दुखणं गुडघ्यात आहे असं वाटतं पण मूळ खुब्यात असतं, हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं.

लिगामेंट एक्स-रेमध्ये दिसत नाही. एक्स-रेमध्ये सांध्यात साचलेलं पाणी आणि संधिवाताचे बदल दिसतात, पण लिगामेंट तुटलंय का हे डॉक्टर मांडीचं हाड एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नळीचं हाड पुढे सरकवून बघतात. कुत्रा घाबरून पाय ताठ करतो, त्यामुळे कधीकधी हलकं भूल देऊन तपासावं लागतं, त्याला घाबरू नका. फक्त लांबून बघून, चालवून, आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तर दुसरं मत घ्या.

अजून एक, जे आपल्याकडे हमखास राहून जातं. मुंबईत गोचीड वर्षभर असतात, आणि टिक फीव्हरमध्ये सांधे सुजतात. आज हा पाय, उद्या तो पाय, ताप, खाणं कमी, असं असेल तर गुडघ्याच्या मागे लागायच्या आधी रक्त तपासा. वयस्कर मोठ्या कुत्र्याचं एकाच जागी हाड सुजलं असेल तर एक्स-रे लगेच काढा, हाडाचा कॅन्सर पण असाच लंगडत सुरू होतो. आणि पाय घासत असेल, पंजा उलटा पडत असेल, तर तो मणक्याचा, नसांचा प्रश्न असू शकतो, दोन्ही मागचे पाय अचानक गेले तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर ढकलायचं नाही.

घरी तुम्ही काय बघू शकता? तो बसतो कसा ते बघा. ज्याचा गुडघा ठीक आहे तो दोन्ही पाय अंगाखाली घेऊन सरळ बसतो, ज्याचा दुखतोय तो एक पाय बाहेर काढून तिरका बसतो. उभा असताना दुखऱ्या पायाची फक्त बोटं टेकवतो. आणि मागून दोन्ही मांड्यांवर एकाच वेळी हात ठेवून दाबून बघा, दुखऱ्या बाजूची मांडी हाताला चक्क बारीक लागते.

दुखणं कमी करणं आधी, पण घरातल्या डब्यातल्या गोळीने नाही

हे मी हात जोडून सांगते. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, व्होवेरान, यातलं काहीही कुत्र्याला द्यायचं नाही, अर्धी पण नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. पॅरासिटामॉल पण स्वतःच्या मनाने नाही. दुखण्यावरची जेलं आणि बाम पण नाही, कारण तो ते चाटणार. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना चालतं म्हणून कोणी मेडिकलमधून माणसांची गोळी आणतं, पण रोजचा डोस किलोला ०.१ मिलिग्रॅम एवढासा असतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १ मिलिग्रॅम, आणि माणसांची गोळी साडेसात नाहीतर १५ मिलिग्रॅमची. गणित तुम्हीच करा.

डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन लिहून दिलं तर ते जेवणासोबत द्यायचं, आणि सुरू करायच्या आधी किडनी-लिव्हरचं ब्लड करून घ्यायचं, लांब चालणार असेल तर मधूनमधून परत. उलट्या, काळी शी, खाणं बंद, यातलं काही दिसलं की गोळी तिथेच थांबवून फोन करायचा. स्टेरॉइड आणि या गोळ्या एकत्र कधीच नाहीत, त्यामुळे आधीच्या डॉक्टरांनी खाजेसाठी वगैरे इंजेक्शन दिलं असेल तर नव्या डॉक्टरांना ते सांगायचंच. काहींना सोबत गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) देतात, त्याने थोडी गुंगी येते, त्यात घाबरण्यासारखं नाही. फक्त माणसांचं पातळ औषध आणू नका, त्यात गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा, गोळीने बरं वाटलं की कुत्रा पळायला बघतो. लिगामेंट तसंच तुटलेलं असतं. गोळी चालू असताना बंधनं जास्त पाळायची, कमी नाही.

पहिले दोन-तीन दिवस, सूज गरम लागत असेल तर, बर्फ पातळ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नंतर जुनाट आखडलेपणासाठी कोमट शेक, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा.

वजन, ज्याच्याशिवाय बाकी सगळं वाया

लॅबचे लाड म्हणजे खाणं, हे मला माहीत आहे. पण या सगळ्या यादीतली सगळ्यात जास्त पुरावा असलेली गोष्ट हीच आहे. ४८ लॅबवर वर्षानुवर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, त्यात एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२, आणि संधिवात त्यांना उशिरा आला. आणखी एका अभ्यासात वजन जेमतेम ६ टक्के उतरल्यावरच लंगडणं मोजता येईल इतकं कमी झालेलं दिसलं. ३६ किलोच्या कुत्र्यासाठी ६ टक्के म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. एवढंच!

वजन जास्त आहे का हे काट्यावर नाही, हाताने कळतं. बरगड्यांवरून हात फिरवा, न दाबता एकेक बरगडी मोजता आली पाहिजे. वरून बघितलं की कमर दिसली पाहिजे. दिसत नसेल तर काम आहे.

हिशोब असा करायचा. कुत्र्याचं व्हायला हवं ते वजन घ्या, ३० ने गुणा, ७० मिळवा, साधारण तेवढ्या कॅलरी दिवसाला. ३० किलोवर आणायचा असेल तर ९७० कॅलरी. आता एका पार्ले-जीत २५ च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर आजोबांनी चार दिले की दिवसाच्या खाण्यातला दहावा हिस्सा तिथेच संपला. वर दुपारी बाईंनी प्रेमाने दिलेली तूप लावलेली पोळी, संध्याकाळी वॉचमनचा खारी-टोस्ट. म्हणून घरातल्या सगळ्यांना आणि खाली वॉचमनकाकांना पण विश्वासात घ्या, भांडू नका, त्यांच्या हातात काकडीचे, गाजराचे तुकडे भरलेला डबा द्या. त्यांना द्यायचा आनंद मिळतो, कुत्र्याला घ्यायचा. उकडलेला दुधी, लाल भोपळा, फरसबी घालून वाटी भरलेली दिसते. कांदा, द्राक्षं, मनुके अजिबात नाहीत. दिवसाचं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढून ठेवा, बक्षिसाचे तुकडे पण त्यातूनच.

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं तर उत्तम, त्याहून घाई नको. दर पंधरा दिवसांनी क्लिनिकमधल्या काट्यावर उभं करा, औषधाशिवाय गेलं तर कोणी काही म्हणत नाही. थायरॉइडमुळे पण वजन वाढतं, मोजून देऊनही हलत नसेल तर ती टेस्ट करून घ्या.

घरातली लादी

हे मुंबईच्या फ्लॅटचं खास दुखणं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, वरून रोज ओला पोछा. बबली लादीवरून उठायची तेव्हा मी जमिनीला टेकून बघितलं होतं: पुढचे पाय आधी उभे, मग मागचा भार घ्यायला गेली की उजवा पंजा हळूच बाहेर सरकायला लागतो, नखं टकटक करत पकड शोधतात, मिळत नाही, ती अर्ध्यातच परत खाली बसते, आणि दुसऱ्यांदा उठताना सगळा झटका त्याच गुडघ्यावर. दिवसातून असं किती वेळा होत असेल विचार करा. इथे कुठलीच पावडर पुरी पडणार नाही.

उपाय स्वस्त आहेत. जिथे तो झोपतो, जिथे खातो, आणि दरवाजापर्यंतचा रस्ता, एवढ्या पट्ट्यावर खाली रबर असलेल्या मॅट टाका. योगा मॅट कापून चालतात, कोड्यासारख्या एकमेकांत अडकणाऱ्या फोम मॅट पण चालतात. साधी चटई किंवा सतरंजी नको, ती कुत्र्यासकट सरकते. पोछा मारल्यावर पंखा लावून लादी पूर्ण सुकेपर्यंत त्याला एका खोलीत ठेवा. पंजाखालचे केस कापा, नखं कापा, चालताना नखांचा आवाज येतोय म्हणजे ती लांब आहेत. झोपायला जाड गोधडी दुमडून किंवा घट्ट गादी, फार मऊ नको, त्यातून उठायला जास्त जोर लागतो. मोठ्या कुत्र्याची वाटी पाटावर ठेवा म्हणजे वाकताना मान आणि पुढचे पाय अवघडत नाहीत.

सोफा आणि बेड बंद. रॅम्प लावा किंवा खाली तुम्हीच त्याच्याशेजारी बसा, त्याला तेवढंच हवं असतं.

जिना हा मोठा प्रश्न आहे, गिरगाव-दादरच्या जुन्या बिल्डिंगांना लिफ्टच नाही. लहान कुत्रा असेल तर उचला. मोठ्या कुत्र्याला जुना पंचा किंवा आंघोळीचा टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घालून दोन्ही टोकं वर धरायची, नर असेल तर लघवीची जागा दाबली जात नाही ना बघायचं. तुम्ही वजन उचलायचं नाहीये, फक्त थोडा भार कमी करायचाय. मागच्या बाजूला हँडल असलेला हार्नेस मिळाला तर तुमची कंबर वाचते. आणि लिफ्ट असूनही कमिटी कुत्र्याला नको म्हणत असेल तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्सची प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, सोसायटीने पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारू नये असं त्यात आहे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, शांतपणे बोला, बहुतेक ठिकाणी काम होतं.

चालणं, मोजून आणि हळू

पूर्ण आराम आणि पूर्ण मोकळीक, दोन्ही चूक. नुसतं झोपवून ठेवलं की मांडी सुकते, आणि तुटलेल्या लिगामेंटचं काम थोडंफार सांभाळणारा स्नायूच गेला की सांधा अजून ढिला. ऑपरेशन न करता गुडघा स्थिर होतो तो आजूबाजूला घट्ट पेशी तयार होऊन, आणि त्याला आठवडे नाही, महिने लागतात.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त शी-शूसाठी, छोट्या पट्ट्यावर, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. घरात एकटा असेल तर लहान खोलीत किंवा प्लेपेनमध्ये. बेल वाजली की दाराकडे धावणारा असेल तर डिलिव्हरीवाल्यांना बेल न वाजवता फोन करायला सांगा, हे ऐकायला फुटकळ वाटतं पण तेवढ्या एका धावेत आठवड्याची मेहनत जाते.

मग हळूहळू वाढवायचं, दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटं. आणि हळू म्हणजे खरंच हळू. कुत्रा भराभर चालला की तीन पायांवर सहज पळतो आणि दुखरा पाय वर ठेवतो, अगदी सावकाश चालवलं की त्याला तो पाय टेकवावाच लागतो. सगळा व्यायाम या एका गोष्टीत आहे. पट्टा आखूड धरा, हुंगायला थांबू द्या, घाई नको. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी, उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त लंगडत असेल तर काल जास्त झालं, दोन दिवस मागचं माप.

दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून घरचे व्यायाम. एक, बस-उठ. दुखरी बाजू भिंतीला लावून उभा करा म्हणजे बसताना पाय बाहेर फेकता येणार नाही, मॅटवर, पाच वेळा, दिवसातून दोनदा, बक्षीस त्याच्या रोजच्या खाण्यातलं. दोन, उभा असताना कमरेला दोन्ही हात लावून अगदी हलकं डावीकडे-उजवीकडे झुलवायचं, तो तोल सावरतो आणि स्नायू जागा होतो. तीन, झाडूचे दांडे किंवा पीव्हीसी पाइप जमिनीवर अंतरा-अंतराने ठेवून त्यावरून सावकाश चालवणं. पुढे पुढे बिल्डिंगच्या पार्किंगचा रॅम्प चढायला उत्तम, सकाळी गाड्या निघायच्या आधी. बॉल, फ्रिसबी, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती, हे सगळं लांबच.

लोक विचारतात चौपाटीवर नेऊ का. जुहू असो की दादर, कोरडी भुसभुशीत वाळू नको, पाय रुततो आणि गुडघा पिळला जातो. ओहोटीला पाण्याजवळची ओली घट्ट वाळू चालते, पट्टा न सोडता. समुद्रात पोहायला नाही. पाण्यातला व्यायाम हवा तर पाण्याखालच्या ट्रेडमिलची सोय असलेलं सेंटर डॉक्टरांना विचारून शोधा, पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराच्या वजनाच्या साधारण ३८ टक्केच भार येतो, म्हणून दुखऱ्या कुत्र्यालाही चालता येतं.

रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून महिन्यातून दोनदा त्याच पॅसेजमध्ये, बाजूने आणि मागून, छोटा व्हिडिओ काढा, आणि शिंप्याच्या टेपने मांडीचा घेर एकाच जागी मोजून वहीत लिहा.

आता ब्रेस

ब्रेस लिगामेंट जोडत नाही, फक्त चालताना थोडा आधार देतो. मऊ कापडाची रेडिमेड नी कॅप तर आधारही फारसा देत नाही, कुत्र्याची मांडी वर रुंद आणि खाली निमुळती असते, दहा पावलांत ती घोट्याशी येते. उपयोग होतो तो मापाने बनवलेल्या, सांध्याला बिजागरी असलेल्या ब्रेसचा, आणि तो मी कोणासाठी म्हणेन तर ज्याचं वय, हार्ट किंवा किडनीमुळे भूल देणं धोक्याचं आहे त्याच्यासाठी. २०१६ मध्ये छापलेल्या मालकांच्या पाहणीत ब्रेसवाले बहुतेक समाधानी होते, पण जवळपास निम्म्या कुत्र्यांना कातडीला जखमा झाल्या होत्या, आणि आपल्याकडे तर हवाही दमट.

म्हणून पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं, मग रोज थोडं थोडं वाढवत. रात्री काढायचा. काढला की केस बाजूला सारून कातडी बघायची, लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही तर फिटिंग चुकतंय, परत मापाला न्या. आतलं अस्तर दोन जोड घ्या, एक धुवायला. पावसाळ्यात ओल्या केसांवर ब्रेस चढवायचाच नाही, आधी टॉवेल, मग पंखा.

तेल आणि पावडरी

ओमेगा-३ चा पुरावा बऱ्यापैकी आहे, ग्लुकोसामिनचा कमकुवत. पैसे मोजके असतील तर मी मॅटवर आणि ब्लड टेस्टवर खर्च करेन. आपल्याकडे तारली आणि बांगडा आहेत, दोन्ही तेलकट मासे, ओमेगा-३ भरपूर. मीठ-मसाला न घालता उकडून, काटे अगदी नीट काढून, आठवड्यातून दोन-तीनदा थोडं, आणि त्याच्या कॅलरी हिशोबात धरून. सुकट-बोंबील नको, मीठ फार. कॉड लिव्हर ऑइल रोज देऊ नका, त्यात ए आणि डी जीवनसत्त्व साठत जातं. हळद-दुधाने काही मोठं होईल अशी आशा नको.

पावसाळा

जून ते सप्टेंबर पेव्हर ब्लॉक शेवाळलेले आणि उचकटलेले असतात, तिथे पाय मुरगळतो. वॉक पार्किंगमध्ये किंवा पोडियमवर करा. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टोची भीती वेगळीच, लस दिलेली असली तरी.

किती दिवस वाट बघायची

१९८४ चा एक जुना पण अजून सांगितला जाणारा अभ्यास आहे, लिगामेंट तुटलेल्या आणि ऑपरेशन न केलेल्या कुत्र्यांचा. १५ किलोच्या आतले ८६ टक्के काही महिन्यांत ठीक किंवा बऱ्यापैकी झाले, १५ किलोच्या वरचे फक्त १९ टक्के. नंतर २०१३ मध्ये जाड, मोठ्या कुत्र्यांवर नीट वजन उतरवून आणि फिजिओ करून बघितलं तेव्हा वर्षाअखेर बिना-ऑपरेशनवाल्यांपैकी साधारण दोन तृतीयांशांचं बरं चाललेलं होतं, ऑपरेशनवाले तरीही पुढेच होते. म्हणजे लहान कुत्र्याला धीर धरणं रास्त आहे, मोठ्या कुत्र्यालाही आशा आहे पण वजन आणि व्यायाम प्रामाणिकपणे केला तरच.

सहा ते आठ आठवडे सगळं पाळूनही पाय टेकवत नसेल, चालताना गुडघ्यात टक्-टक् आवाज येत असेल, आधी सुधारत होता आणि अचानक बिघडला, तर गुडघ्याच्या हाडांमधली कुर्चेची गादी (मेनिस्कस) फाटलेली असू शकते, तिथे घरचे उपाय पुरत नाहीत. दुसरा पाय पण धरायला लागला तरी थांबू नका. अशा वेळी हाडांचं काम नियमित करणाऱ्या सर्जनला दाखवा. परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, त्याच आवारात १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल अॅनिमल हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय. जाताना एक्स-रे, ब्लड रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं आणि डोस, वजनाची वही आणि ते व्हिडिओ न्या, कारण टेबलवर चढवलं की बरेच कुत्रे घाबरून चारही पायांवर नीट उभे राहतात आणि घरी जे दिसतं ते डॉक्टरांना दिसतच नाही.